आवाज थांबला की

माझे वडील चोपन्नाव्या वर्षी झोपेत गेले. मला चोपन्नावं लागलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी जळगावला एक रात्र झोपून यायला सांगितलं. लोक दवाखान्यात बरे व्हायला जातात, मी झोपायला चाललोय, असं मी कामावर सगळ्यांना हसत सांगत फिरलो. ते हसू वरवरचं होतं.

मी दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर काम करतो आणि वसाहतीतच राहतो. आमच्याकडे रात्रंदिवस एक घरघर चालू असते, पंख्यांची, पंपांची, कोळसा दळणाऱ्या गिरण्यांची. पाहुणे पहिल्या रात्री उशी कानावर दाबून पडतात आणि सकाळी लाल डोळ्यांनी विचारतात, तुम्ही झोपता कसे? आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. पण वीज बनवणारा संच देखभालीसाठी बंद केला की अख्खी वसाहत टक्क जागी होते. खिडक्यांत दिवे लागतात, बायका गॅलरीत येऊन उभ्या राहतात. आवाज थांबला की उठायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा तिथल्या शांततेने तिला चार दिवस झोप लागली नाही.

माझं घोरणं म्हणजे घरातला दुसरा संच. त्याबद्दल मला कधी लाज वाटली नाही, कारण तो वडिलोपार्जित होता. लाज नाही, पण भीती होती. बायको म्हणायची की मी घोरता घोरता मध्येच थांबतो आणि श्वासच घेत नाही. मी तिच्यावर डाफरायचो. तूच झोपेत काहीबाही ऐकतेस म्हणायचो. ती शांतपणे एकच वाक्य बोलायची, "आवाज थांबना का मी उठस." आम्ही दोघं शिंदखेड्याकडचे. वसाहतीत सगळ्यांशी ती शुद्ध बोलते, माझ्याशी मात्र गावाकडचं.

मग एका दुपारच्या पाळीत चहाचा पेला हातात असताना मला डुलकी लागली. गरम चहा मांडीवर सांडला तरी मी दोन क्षण उठलो नाही. शेजारच्या सहकाऱ्याने हलवलं. आमच्या कामात डुलकी ही चेष्टेवारी न्यायची गोष्ट नाही. साहेबांनी मला मशीनपासून लांब, कागदांच्या टेबलावर बसवलं आणि तपासून या म्हणाले.

जळगावचा तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, खाली चष्म्याचं दुकान. तपासणी करणारी मुलगी पंचविशीची, डोळ्यांखाली काळं, बोलायला मोकळी. डोक्याला तेल न लावता या असं तिने फोनवर बजावलं होतं. सोबत आलेल्या बायकोने निघताना माझ्या टाळूवर वाटीभर खोबरेल थापलं होतं. शांत झोप लागावी म्हणून. बिचारी मुलगी अर्धा तास स्पिरिटच्या बोळ्यांनी माझं टक्कल पुसत बसली. "काकू, तुम्ही प्रेमाने केलंत, पण माझ्या तारा नाही चिकटत," ती म्हणाली. बायको ओशाळली. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

डोक्याला तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला, पायांना. छातीवर एक पट्टा, पोटावर एक. नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. मुलगी म्हणाली, मी पलीकडच्या खोलीत पडद्यावर सगळं बघत असते, वर कॅमेरा आहे, तो अंधारातही बघतो, तुम्ही घरी झोपता तसे झोपा. बायकोला खोलीतल्या सोफ्यावर झोपायची मुभा मिळाली. दिवा गेला.

आणि मी घाबरलो. खरंच घाबरलो, लहान मूल घाबरतं तसा. घरी ती घरघर असते. इथे काहीच नव्हतं. रस्त्यावरून एखादी रिक्षा जायची, मग पुन्हा शांत. डोळे मिटले की वाटायचं, आता जो श्वास बाहेर जाईल तो परत आलाच नाही तर? मी श्वास मोजायला लागलो, आणि मोजायला लागलं की श्वास आपोआप चालत नाही, ओढावा लागतो. मला वडील दिसायला लागले.

तो वैशाख होता आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. उन्हाळ्यात आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, खाटा टाकून झोपायचो. वडिलांच्या खाटेला आईची खाट खेटून, माझी पलीकडे. वडिलांचं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. लोक म्हणायचे, या गल्लीत चोर येत नाही. त्या रात्री आई अमळनेरला मावशीकडे लग्नाला गेली होती, म्हणून मी तिच्या खाटेवर झोपलो. वडिलांच्या घोरण्याने मला झोप येईना. मी चिडलो होतो, सकाळी कॉलेजचा पेपर होता. पहाटेच्या आधी कधीतरी ते घोरणं थांबलं. मला नीट आठवतं, मला बरं वाटलं. सुटलो एकदाचा, असं मनात म्हणालो, कूस वळवली आणि गाढ झोपलो.

सकाळी मी त्यांना हात लावला तेव्हा ते गार होते.

निरोप मिळताच आई मिळेल त्या एसटीने आली. रडण्याआधी तिने मला एकच विचारलं, "तू कोठे झोपेल व्हता?" मी तिच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मला पोटाशी धरलं आणि मग मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मरन तं असं यावाले जोयजे. तरास नई, काही नई. पुन्यवान व्हता तुना बाप." नंतरही कोणी भेटायला आलं की ती हेच म्हणायची, आणि मी आसपास असलो की जरा जास्तच जोरात. घोरणं थांबलेलं मी ऐकलं होतं, हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या दवाखान्यात कधीतरी मला झोप लागली. सकाळी मुलीने तारा काढल्या, पण तिचा चेहरा बरोबर दिसेना. मला वाटलं, झालं. काहीतरी भयंकर सापडलं.

"काका, तपासणी वाया गेली," ती म्हणाली. "तुमचा श्वास थांबतो हे दिसतंय. पण किती वेळ थांबतो, ते मला कळतच नाही. कारण तो थांबला की लगेच कोणीतरी तुम्हाला उठवतंय." तिने मला पलीकडच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर रात्रीचं चित्र लावलं.

चित्र करडं होतं. पलंगावर मी, तारांत गुंडाळलेला. सोफा रिकामा. माझी बायको माझ्या उशाशी स्टुलावर बसलेली, गुडघे जवळ घेऊन, पदर डोक्यावरून. तिची मान हळूहळू कलते, हनुवटी छातीला टेकते. मग एकदम ती सावध होते, हात पुढे करते आणि माझ्या खांद्याला ढोसते. मी हिसका देऊन श्वास घेतो. ती हात मागे घेते, पुन्हा मान कलते. "मी दोनदा येऊन सांगितलं, त्या पुन्हा उठून बसल्या," म्हणत मुलीने चित्र पुढे पळवलं. एक वाजता तेच, अडीच वाजता तेच, चार वाजता तेच. मला बघवेना. माझ्या घरात रोज रात्री हे चालतं आणि मी सकाळी उठून, भाजीत मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं करतो.

बायको दारात उभी होती, तेल पुसलं तेव्हा ओशाळली होती त्याहून जास्त ओशाळलेली. "आवाज थांबना," ती एवढंच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, आजची रात्र पुन्हा झोपा. पण आज ताईंनी खोलीत थांबायचं नाही. श्वास थांबला तरी कोणी हात लावायचा नाही, थांबू द्यायचा. पूर्ण मोजल्यावरच नाकात हवा सोडणारा मास्क लावून बघता येईल. ते हे इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा राग आला. श्वास थांबू द्यायचा! काल निदान तो हात होता, मला माहीत नसला तरी होता. आज मी तिच्याशिवाय झोपणार होतो, आणि कोणीतरी पडद्यावर बघत नुसतं थांबून राहणार होतं. एकदा वडिलांच्या शेजारी मीही तसाच थांबलो होतो.

मी म्हणालो, चल, घरी जाऊ, मला नाही करायचं. बायको म्हणाली, "आते उनूत तं करी टाका." आणि तिने माझी पिशवी परत पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या रात्री मुलीने तिला पलीकडे स्वतःजवळ खुर्ची दिली, कारण ती घरी जायला तयारच नव्हती. दार बंद झालं. मी अंधारात पडून राहिलो. एकदा तर मी मोठ्याने विचारलं, कोणी आहे का? भिंतीवरच्या डब्यातून मुलीचा आवाज आला, "आहोत काका, दोघीही आहोत." त्यानंतर पुढचं मला आठवत नाही. मध्यरात्रीनंतर तिने येऊन नाकावर मास्क बांधला, वारा आत घुसल्यासारखा वाटला, एवढंच.

सकाळी मी जागा झालो आणि डोकं जड नव्हतं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. आकडे चांगले नव्हते, श्वास वारंवार आणि बराच वेळ थांबत होता, पण मास्क लावल्यावर एकदाही नाही. रोज रात्री हे मास्कचं मशीन लावा, डॉक्टर म्हणाले, मग घाबरायचं कारण नाही. बायको मात्र रात्रभरात दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. खाली चहाच्या टपरीवर आम्ही बसलो तेव्हा मला दिसलं, तिच्या पदराचं टोक चावून चावून पार विरलं होतं.

"एक येळ लई येळ थांबना," ती म्हणाली. "मी उठनू. ती पोर बोलनी, काकू, बसा. मी बसनू." आणि तिथे, बिस्किटांच्या बरण्यांसमोर, ती पहिल्यांदा रडली.

मग मी तिला सांगितलं. धाबं, आईची रिकामी खाट, घोरणं थांबलं ते, बरं वाटलं ते, कूस वळवली ते. पस्तीस वर्षांची गोष्ट चहा निवायच्या आत सांगून संपली. ती मला काय म्हणेल याची मला रात्रीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

ती पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली की तिला हे माहीत आहे. लग्न होऊन ती घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या आईने तिला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं, याचा आवाज थांबला की याला हलवायचं, झोपायचं नाही. आई म्हणाली होती, मी याच्या बापाला बावीस वर्षं हलवलं. एकच रात्र लग्नाला गेले, आणि जाताना पोराला सांगायचं राहिलं.

"आनि बोलन्यात," बायको म्हणाली, "हाई त्याले कधीच सांगू नको. त्या राती तो बाजूले व्हता."

मी टपरीवरून उठलो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आई पंच्याहत्तरीची आहे, गावीच असते. कान अजून चांगले आहेत. मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर ते सांगितलं नाही. मी इतकंच सांगितलं की तपासणी झाली, एक मशीन मिळणार आहे, ते लावलं की श्वास थांबत नाही, कोणी हलवायची गरज पडत नाही.

हलवायची, हा शब्द मी मुद्दाम वापरला. पलीकडे गल्लीतली कोंबडी ओरडलेली मला ऐकू आली. आई काही विचारेल, किंवा मी विचारीन, अशी मी वाट पाहत राहिलो.

"बरं व्हयनं," आई शेवटी म्हणाली. "आते तिले झोपू दे."