गोळ्यांची सावड

...आणि छातीत स्प्रिंग टाकून बाहेर आणलं, तर दगडोबानं डॉक्टरला पहिलं काय विचारावं? "ही गंजली तर बदलून मिळंल का?" काल इथवर आलो होतो न् तुम्ही हसत सुटलात. अहो, देवणीचा गडी तो. बैलाचे दात दहादा बघणारा. काळजाचा सौदा काय डोळे झाकून करील?

त्याच वर्षी शेजारच्या शिवप्पालाही झटका आला, तोही मोठा. जिना चढला की धापा टाकायचा. दोघांची सावड लग्नाआधीपासूनची. दोघांकडं एकेकच बैल. जोडी जुंपायची, आज ह्याचं रान, उद्या त्याचं.

लातूरच्या एका दवाखान्यात हृदयाच्या नव्या गोळीवर संशोधन निघालं. दोघं गेले. डॉक्टर ऋतुजाबाईंनी समजावलं, जुनी औषधं चालूच ठेवायची, वर ही रोज एक. पण निम्म्या लोकांच्या डबीत खरी गोळी, निम्म्यांच्या डबीत तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे बाईंनाही ठाऊक नसतं. दोघांनी राजीखुशीनं सह्या ठोकल्या.

बाहेर चहाच्या गाड्यावर शिवप्पाचं तोंड उतरलं. "माझं नशीब मला ठाऊक हाय. माझ्या डबीत मैदाच निघणार."

दगडोबानं बशीतला चहा फुर्रकन ओढला. "गप रे रडक्या. गोळ्यांची सावड करू."

झालं! एक दिवस दोघांनी दगडोबाच्या डबीतली खायची, दुसऱ्या दिवशी शिवप्पाच्या. डब्या बरोबर वेळेवर रिकाम्या. दवाखाना खूश.

पुढच्या तपासणीला बाईंनी सहज विचारलं, "आजची गोळी घेतली ना, शिवप्पाकाका?"

"घेतली की. आज दगडोबाची पाळी होती."

बाईंचा पेन थांबला. सगळं बाहेर आलं तशा त्या उसळल्या, "अहो, काय केलंत हे! एकाच डबीत खरी असली तर कुणालाच पुरतं औषध मिळालं नाही. आणि गोळीनं गुण येतो की नाही, हे आम्हाला कळणार कसं? उद्यापासून ज्यानं त्यानं आपल्याच डबीतली खायची. जमत नसेल तर दोघांचीही नावं काढते."

शिवप्पा पुटपुटला, "म्हंजी माझा मैदा मलाच." दगडोबानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग बाईंना विचारलं, "खरी कुणाकडं हाय?"

"मलाही माहीत नाही, काका. सांगितलं होतं ना?"

दगडोबानं टोपी सारखी केली न् म्हणाला, "शिवप्पाच्या डबीत खरी हाय एवढं लिहून द्या, बाई, उद्यापासून तुमचा मैदा मी मुकाट खातो."