दान द्यायच्या जमिनीचा बांध

आमच्या घराण्यात बांध कोरणं चोरीत धरत नसत. नांगरट आली की वडील चुलत्यांच्या शेतातली चार बोटं माती आपल्याकडं ओढत. पुढच्या वर्षी चुलते ती परत नेत. दोघांचं बोलणं कायम बंद. पण तंबाखूची चंची बांधावरच्या जांभळीखाली ठेवलेली असायची. एक चिमूट काढून गेला की दुसरा यायचा. आम्ही पोरं वर फांदीवर बसून जांभळं खाता खाता दोघांच्याही शिव्या पाठ करायचो.

आता माळाच्या एका अंगाला एमआयडीसीचे पत्रे चमकतात, दुसऱ्या अंगाला प्लॉटचे बोर्ड लागलेत. मध्ये उरलीत आमची दोन शेतं आणि मागं गावची राई. राईकडं जायची वाट आमच्याच रानातनं. शेतं प्लॉटवाल्यानं घेतली की राई गेलीच म्हणायची. म्हणून गावानं ट्रस्ट काढला. जमीन ट्रस्टच्या नावावर करायची, कसायची आपणच, पण विकायची कुणीच नाही, नातवंडांनीही नाही. दोन्ही शेतं एकदम मिळाली तरच उपयोग. थोरला चुलतभाऊ काही तयार होईना. त्याला चहा पाजून पाजून मीच वळवला. एवढं पुण्य पदरात पडल्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

मोजणीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी रानात पोचलो. बांध जरा वाकडा दिसला. मोजणीदार काय म्हणतील, म्हणून कुदळ घेतली. हात असा काही चालला, की जांभळीपर्यंत चुलतभावाची वीतभर जमीन माझ्याकडं आली. घाम पुसत वर बघतो, तर तो समोर उभा. मागं मोजणीदार आणि निम्मं गाव.

"काय चाललंय?"

"बांध सरळ करतोय, दादा."

"आरं, दोघांचीबी जमीन आज ट्रस्टला जाणार न्हवं? मग ही कुणासाठी कोरलीस?"

खरं सांगतो, हा विचार मला शिवलाच नव्हता.

"मी सही करत न्हाय," तो मंडळींना म्हणाला. "ह्यो दान देतानाबी कोरतोय. उद्या राईबी कोरंल." आणि तरातरा निघाला.

गाव माझ्याकडं असं बघायला लागलं, जणू प्लॉटवाला मीच. पाटी घेतली आणि माती परत टाकायला लागलो. जन्मभर कचेरीत खुर्चीवर बसलेलं अंग. तिसऱ्या पाटीला कंबर बोलली. मोजणीदार जांभळीखाली पाय पसरून बसले. बऱ्याच वेळानं बांधावर वहाणा दिसल्या.

"हितं कमी हाय."

"टाकतो."

"आणि टाक."

"दादा, आता माझी जमीन तुझ्याकडं निघाली की!"

"निघू दे. तुझ्या बानं नेलेली हाय ती."

मी वर बघितलं. तो हसू दाबत होता, पण दाबलं गेलं नाही. सही केली त्यानं, मात्र एक अट घालून: जमीन एक झाली तरी बांध मोडायचा नाही, जांभळीला हात लावायचा नाही.

परवा नांगरट होती. मी नुसता बांधाजवळ उभा होतो, तर पलीकडनं हाळी आली, "व्हय रं, आता ट्रस्टची कोरतोस काय?"

"तूच कोरली असशील!" मी ओरडलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तो निघून गेल्यावर बघितलं, तर जांभळीखाली चंची ठेवलेली. मी तंबाखू खात नाही. पण चिमूट काढली.