मागे टाकलेल्यांची हजेरी

हजेरीमास्तर गेल्या महिन्यात निवृत्त झाले. मास्तर म्हटलं म्हणून शाळा डोळ्यांसमोर आणू नका. पाठीवर गरगर फिरणारा ड्रम घेऊन बांधकामावर काँक्रीट पोचवणारी गाडी असते ना, तो मिक्सर ते चालवत. दहा चाकं, आणि भरली की पंचवीस टन वजन. त्यांच्या निरोपाला यार्डातले ड्रायव्हर, मेकॅनिक, साहेब असे सगळे जमले होते आणि बाहेरची अशी मी एकटीच होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर माझ्या तोंडून धड एकही निघेना. एरवी माझं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. तिथं राहून गेलं ते इथं लिहिते आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करते की या माणसाला गाडीवरून खाली उतरवायला निघालेली बाई मीच.

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. साडेसहाला सायकल काढायची, कॅरिअरला पांढरा थर्माकोलचा डबा बांधायचा, त्यात बर्फाच्या पिशव्या, आणि नवाच्या आत बारा-तेरा घरं उरकायची. लोक उपाशीपोटी ताटकळत बसलेले असतात, त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला की दारातच तोंडं वाकडी. घरात मला ‘डास’ म्हणतात. हे नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि त्या इतक्या मायेने हाक मारतात की रागावताही येत नाही.

बाकी ठिकाणी मात्र रागावता येतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. कुठे काही चुकीचं दिसलं की लिहून कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचा सगळा कारभार हळू आणि बारीक. मी कागद काढला की तो भिंगातून डोळा न काढता म्हणतो, “एक दिवस थांब. उद्या लिही.” लग्नाला अठरा वर्षं झाली, मी एकदाही थांबलेली नाही.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ. मोठ्या रस्त्यावरून नव्या वसाहतीकडे वळायचा चौक आहे, तिथं लाल दिवा होता. एक मिक्सर कडेच्या बाजूला थांबलेला. आम्ही सायकलवाले नेहमी करतो तेच मी केलं, थांबलेल्या गाडीच्या कडेने पुढे सरकले. अगदी त्याच्या पुढच्या चाकाशी आले आणि कटकन चेन उतरली. मी सायकल स्टँडवर लावली, खाली बसले आणि चेन ओढायला लागले. गाडीचा वळायचा दिवा चालू होता की नव्हता, मी पाहिलंसुद्धा नाही. माझं लक्ष एका आजोबांकडे होतं, ते सात वाजल्यापासून चहाविना बसले होते.

हिरवा दिवा लागला. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. मिक्सर काही हलेना. मग दार आपटलं आणि बोनेटला वळसा घालून एक आडदांड माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“अहो बाई, मरायचंय का? ही काय बसायची जागा आहे?”

अख्खा चौक बघत होता. त्याने माझी सायकल हँडलला धरून उचलली, फुटपाथवर नेऊन ठेवली, गाडीत चढला आणि निघून गेला. माझे हात तेलाने काळे, डबा तिरका, आणि आतली एक नळी फुटलेली. त्या आजोबांना नव्हे, दुसऱ्याच एका गृहस्थांना पुन्हा सुई टोचावी लागली. ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

गाडीचा नंबर मी पाठ केला होता. दुपारी कागद घेऊन बसले. हिरवा दिवा असताना चालकाने भर चौकात गाडी थांबवून ठेवली, खाली उतरून एका स्त्रीवर आरडाओरडा केला, तिच्या वाहनाला हात घातला. यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मी इतकी तोऱ्यात होते. नवऱ्याला वाचून दाखवलं.

“तो थांबला का होता, ते नाही लिहिलंस,” तो म्हणाला.

“ते त्यालाच विचारतील,” मी म्हटलं आणि पाकीट चिकटवलं.

आठवड्याने त्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. या ड्रायव्हरवर आधीच्या दोन तक्रारी आहेत, तुमची तिसरी. तीन झाल्या की आमच्याकडे माणसाला गाडीवरून काढतात. मात्र तुम्हाला समोर येऊन सही करावी लागेल. मी म्हटलं, येते की. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

यार्डात खडीचे आणि वाळूचे ढीग होते, आणि सगळ्यावर सिमेंटची करडी पूड बसलेली. एका उभ्या मिक्सरच्या ड्रममधून ठक ठक आवाज येत होता. आत कोणीतरी हातोडा मारत होतं.

“हे काय चाललंय?” मी साहेबांना विचारलं.

“माल आत राहिला की घट्ट होतो. माणूस आत उतरून फोडतो. तुमच्या ड्रायव्हरला आता हेच काम. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, तेवढी काढेल.”

“वय काय त्यांचं?”

“छप्पन्न.”

मी त्या ड्रमकडे एकदा वळून पाहिलं. पण तक्रार करणाऱ्याने कच खायची नसते, म्हणून मी ताठ मानेने ऑफिसात शिरले.

पत्र्याची खोली होती. ड्रायव्हर हात मागे बांधून उभे होते. मला बघून ते नकळत बोलून गेले, “अरे, पांढरा डबा.”

मी फणकारले. दारातला मेकॅनिक हसू दाबत म्हणाला, “ताई, रागावू नका. ते सगळ्यांनाच अशी टोपणनावं देऊन हजेरी घेतात. म्हणून तर आम्ही यांना हजेरीमास्तर म्हणतो.”

“हीच तर कटकट आहे,” साहेब म्हणाले. “आधीच्या दोन्ही तक्रारी मागे अडकलेल्या गाडीवाल्यांच्या. विनाकारण थांबतो, हेच दोघांचं म्हणणं. दीड तासात माल उतरला नाही तर ड्रममध्ये दगड होतो, आणि हा चौकाचौकात हजेरी घेत बसतो.”

“कसली हजेरी?” मी विचारलं.

ड्रायव्हर खाली बघत बोलायला लागले. “आधी अकरा वर्षं मी शाळेची बस चालवली. मुलं मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा तिथला नियम. मग इकडे आलो. इथं मोजायला कोणीच नाही, पण तोंडाची सवय जाईना. तेव्हा सायकलवाले मोजायला लागलो. एकेकाला मागे टाकलं की मोजायचा. सिग्नलला थांबलो की ते कडेने परत पुढे येतात. वळायच्या आधी सगळे दिसले पाहिजेत. एक जरी कमी असला तरी वळायचं नाही.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी तिघं होते. पिवळी टोपी, पाववाला आणि पांढरा डबा. टोपी पुढे आली, पाववाला आला. डबा येईना. आरशात बघितलं तर मागेही नाही. हिरवा पडला, मागचे बोंबलायला लागले. पण मोजून दोनच होते.”

“पण मी तर तुमच्या अगदी जवळ होते. हात लांब केला असता तर चाकाला लागला असता.”

“म्हणूनच नाही दिसलात,” ते म्हणाले. “बाई, एकदा वर चढून बसता का?”

तीन पायऱ्या चढून मी त्यांच्या जागेवर बसले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं. साहेब कुरकुरत गेले आणि मी बसले होते तिथं, पुढच्या चाकाशी, इस्त्रीच्या पँटमध्ये उकिडवे बसले. मला फाटक दिसत होतं, खडीचे ढीग दिसत होते, चारही आरशांत यार्डाचे चार तुकडे दिसत होते. साहेब कुठेच नव्हते.

“साहेब, बसलात का?”

“कधीचा बसलोय,” खालून आवाज आला.

मी मान लांब केली, सीटवरून अर्धी उठले. तरी नाही. “उभे राहा,” म्हटलं, तेव्हा काचेच्या तळाशी टकलाचा एक चकचकीत तुकडा उगवला. बाकी साहेब गायब. एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दिवशी मी तिथं चांगली तीन मिनिटं खाली बसले होते, आणि आता स्टिअरिंग माझ्याच हातात होतं.

ड्रायव्हर पायरीवर उभे होते. मी विचारलं, “मग एवढे ओरडलात का माझ्यावर?”

“घाबरलो होतो,” ते म्हणाले. “हिरवा पडल्यावर ब्रेकवरचा पाय उचलला होता मी. तेवढ्यात तोंडातून ‘दोन’ निघालं, आणि परत दाबला. गाडी वीतभर हलली असेल. खाली उतरून तुम्हाला बघितलं आणि जीभ ताब्यात राहिली नाही. चुकलं माझं. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्याची माझी लायकीही उरली नव्हती. नाक पुसत विचारलं, “तुम्ही मला किती दिवस मोजताय?”

“झाली असतील चार वर्षं. मंगळवारी नसता तुम्ही.”

मंगळवारी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. हे माझ्या नवऱ्याच्याही कधी लक्षात राहत नाही. चार वर्षं रोज सकाळी, मी घाईने पुढे जात असताना, एक अनोळखी माणूस मला मोजत होता आणि मी दिसले की मगच वळत होता. मला त्याचा पत्ता नव्हता. अशा माणसाचे आभार कसे मानतात? ज्याने काही दिलं त्याचे मानता येतात. याने मला रोज फक्त घरी जाऊ दिलं होतं.

पुढे आमची चांगली ओळख झाली. त्या रविवारी नवऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि तो माझ्याबरोबर त्यांच्या घरी आला. त्यांच्या पत्नी शिवणकाम करतात. मी जन्मभराची ऋणी आहे वगैरे सुरू केलं, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. “अहो, काय सांगू. घरात आम्ही दोघंच, तरी रात्री दार लावताना मोजतात.” नवऱ्याने त्यांचं भिंतीवरचं बंद घड्याळ न विचारता उतरवून घेतलं आणि पुढच्या रविवारी चालू करून दिलं. आमच्या घराण्यात आभार असे मानतात. मीही शिकले. मोठी गाडी थांबली असेल तर आता मी तिच्या मागेच उभी राहते, उशीर झाला तर झाला, आणि आजोबांच्या शिव्या मुकाट्याने खाते.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. गुडघे झटकत साहेब ऑफिसात आले आणि त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. तक्रार मागे घेत असल्यास कारण. खाली दोनच ओळी मोकळ्या. तक्रार लिहिताना मला पान पुरलं नव्हतं, आणि आता पेन जागचं हलेना. शेवटी लिहिलं: या ड्रायव्हरमुळे त्या सकाळी काही घडलं नाही.

साहेबांनी वाचलं. “काही घडलं नाही, हे काय कारण झालं?” ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग त्यांनी फाइलमधून आधीच्या दोन तक्रारी काढल्या आणि माझ्या कागदाशेजारी ठेवल्या. एकदा त्या, एकदा माझा कागद, असं वाचत राहिले.

“या दोन वेळांना कोण कमी होतं?” त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरना आठवावं लागलं नाही. “एकदा लाल दप्तर. आणि एकदा ते म्हातारे, छत्री अडकवून येतात ते.”

साहेबांनी तिन्ही कागदांवर आडवी रेघ मारली. “आता कुठे असतात?”

“रोज येतात की,” ते म्हणाले. “दोघंही.”