पुट्टीची अख्खी कांडी

पानादादाला कुठे गळती दाखवावी, की तो जेवणखाण विसरायचा. वीस वर्षांच्या प्लंबिंगमध्ये आपल्याला न थांबवता आलेली गळती एकच, बायकोची बडबड, असं तो सगळ्यांना सांगे. "तिला पाना नाही, कान लागतात," बायको म्हणायची.

वडिलांशी मात्र त्याचं कधी फारसं जमलं नाही. शाळेची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या त्या माणसाने खाऱ्या पाण्याच्या टाकीत जीव ओतला होता. आत जिवंत प्रवाळ आणि नऊ वर्षांची नारिंगी माशांची जोडी. मग अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि त्यांची खुर्ची टाकीसमोर आली. त्या जोडीकडे बघत ते चार घास खात. मासे दगडाआड गेले की तोंड मिटून घेत. ही जोडी आहे तोवर बाबा आहेत, हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

त्या रविवारी वरचा दगड प्रवाळासकट कलंडला. पानादादाने माशांच्या दुकानातून पाण्यात घट्ट होणारी पुट्टी आणली. दुकानदार म्हणाला, "सुपारीएवढीच लावा. स्किमरला फेस येईल, येऊ द्या. तो बंद करू नका." पानादादाने मान हलवली. पुट्टी मळण्यात हयात गेलेल्या माणसाला हा काय शिकवणार!

त्याने अख्खी कांडी मळली आणि दगडाखाली थापली. दगड असा बसला की हत्तीने ढकलला तरी हलू नये. तासाभरात पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा तो स्किमर उतू जाऊ लागला. फरशीवर थारोळं साचलं. प्लंबरच्या घरात फरशीवर पाणी म्हणजे नाचक्कीच की! त्याने स्किमरचं बटण बंद केलं आणि फडकं मारलं.

थोड्या वेळाने बाबा घशातून आवाज काढू लागले. डावा हात खुर्चीवर आपटू लागले. त्याने त्यांना संडासला नेलं, पाणी पाजलं, उशी बदलली. आवाज थांबेना. "बाबा, पुरे हं आता! एक रविवार मिळतो मला," तो खेकसला आणि खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली.

बायको बाजारातून आली तेव्हा दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते.

"अहो, हे काय झालंय?"

त्याने दुकानदाराला फोन लावला.

"स्किमर बंद केलात?" दुकानदार ओरडला. "अहो, पाण्यात हवा तोच मिसळतो! चालू करा. पुट्टी उपटून काढा. वरून पाणी ओतत राहा, थांबू नका."

त्याने स्किमर चालू केला, पुट्टी ओरबाडून काढली. मग तांब्या बुडवायचा, उंचावरून ओतायचा, पुन्हा बुडवायचा. फेस सगळ्या फरशीभर पसरला. दंड भरून आले. तासाभराने मादी उलटी होऊन तळाशी गेली.

आणि तेव्हा त्याला कळलं. बाबा मघापासून हेच सांगत होते. त्यांना सगळं दिसत होतं, आणि त्याने त्यांचं तोंड खिडकीकडे केलं होतं. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बायको म्हणाली, "त्यांना नका दाखवू." त्याने ऐकलं नाही. ओल्या हातांनी खुर्ची वळवली. "बाबा, चुकलो मी."

बाबांनी टाकीकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, वर नेला, खाली आणला. ओत. पुन्हा वर, पुन्हा खाली. या खेपेला त्याला बरोबर कळलं. तो ओतू लागला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "दुसराही गेला."

त्याने बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून वरखाली होत होता. त्याने तांब्या पुन्हा पाण्यात बुडवला.