देविदासने दिलेला चार्ज

देविदासने मला दोनदा फसवलं.

दुसऱ्यांदा काल सकाळी. पुण्यात, मुलाच्या फ्लॅटमध्ये, हार्ट अटॅकने.

पहिल्यांदा फसवलं त्याची गोष्ट आज सांगतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आम्ही तिघं. मी आणि देविदास भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर, दोघंही हुडको कॉलनीत राहणारे. तिसरा खुर्सीपार वस्तीतला मारोती, आयुष्यभर ठेकेदारीत राबलेला.

मागच्या थंडीत सुपेल्याच्या बाजूला एका टॉकीजमध्ये आम्ही बाराचा शो पाहिला. हिंदी पिक्चर. म्हातारे दोस्त, आणि त्यांचं बदलत चाललेलं शहर. जुनी घरं पडताहेत, पोरं बाहेरगावी, रोजच्या बाकावर दर वर्षी एक माणूस कमी.

हॉलमध्ये अर्धी जवान पोरं. सुरुवातीला ती मोबाईलमध्येच होती, नंतर हळूहळू गप्प झाली. मागे एक बाई नाक शिंकरत होती. मारोती तर टायटल संपायच्या आधीच रडायला लागला.

मी म्हटलं, "अबे, अजून कोणी मेलं बी नाही."

तो म्हणाला, "मरतीन ना. म्हणून आधीच रडून घेऊन राहिलो."

मग तो सीन आला. त्यातला एक म्हातारा कोणालाही न सांगता बॅग उचलून मुलाकडे निघून जातो. दोस्त त्याच्या दारात हाका मारत उभे.

देविदास खुर्चीतून उठला आणि पडद्याकडे हात करून ओरडला, "अबे, सांगून तं जा!"

अख्खा हॉल हसला. कोणीतरी शिट्टी मारली. पुढची एक मुलगी वळून म्हणाली, "अंकल, पिक्चर है."

"पिक्चर है तो क्या हुआ? दोस्ती नहीं है?"

त्यावर टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. हा माणूस आपला दोस्त आहे, म्हणून छाती फुगली होती माझी.

बाहेर चहा घेताना त्याचा राग उतरेना. "जो कोणी भिलाई सोडन, तो सांगून सोडन. चार्ज देल्याबिगर कोणी हालन नाही. कबूल?"

आम्ही कबूल म्हटलं.

हा चार्ज काय, ते प्लांटबाहेरच्यांना सांगतो. मी मिलमध्ये क्रेनवर होतो आणि देविदास माझा रिलीव्हर. माझी शिफ्ट संपली तरी तो येऊन उभा राहीपर्यंत मी जागा सोडायची नाही. काय चालू, काय बंद, कुठे लक्ष ठेवायचं, हे तोंडाने सांगायचं, मगच खाली उतरायचं. वीस-बावीस वर्षांत त्याने मला एकदाही ताटकळत ठेवलं नाही. पोरीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा हळदीच्या हातांनी आला होता.

म्हणून होळीनंतर त्याने माझ्या हातात फाटकाची चावी ठेवली, तेव्हा मला शंका आलीच नाही.

"नातवाचं जावळ हाय पुण्याले. पंधरा दिवसांत येतो. झाडाइले पानी टाकत जा. घे, चार्ज देला तुले."

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. फोनवर म्हणायचा, "येऊन राहिलो ना बे, तिकीट भेटून नाही राहिलं." मी मे महिन्याच्या त्या उन्हात रोज सकाळी त्याचा मोगरा, कढीपत्ता, गवती चहा जगवत होतो. बायको म्हणाली, "कावून जीव काढून राहिले? त्यायचं ते पाहून घेतीन." मी म्हटलं, रिलीव्हर यायचा आहे.

एक दिवस पाइप हातात असताना घराचं मुख्य दार आतून उघडलं. बनियनवर एक माणूस बाहेर आला.

"अंकल, आप माली हो?"

घर केव्हाच विकलं होतं. ते लोक आदल्या संध्याकाळी राहायला आले होते. चांगली माणसं, त्यांनी मला चहासुद्धा विचारला. मी चावी त्यांच्या हातात ठेवली आणि पाइप तसाच टाकून निघालो. हुडकोत चाळीस वर्षं काढलेला मी, घरापर्यंत मान वर करू शकलो नाही.

त्या दिवसापासून त्याचा फोन उचलला नाही. तो करत राहिला. मी ठरवलं होतं, दिवाळीला येईल तेव्हा समोर बसवून, मारोतीच्या साक्षीने, आईबापावरून शिव्या घालीन. शब्दसुद्धा ठरले होते.

काल त्याच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. रडत होता.

मी आधी तेच विचारलं. लाज वाटते, पण विचारलं. "घर केव्हा विकलं होतं रे?"

"काका, पिक्चर देखने गए थे ना आप लोग? त्याच्या आठवडाभर आधी सही झाली होती. मीच जिद्द केली होती. बाबा बोलले, सगळ्या हॉलसमोर ओरडलो, अब किस मुँह से बताऊँ."

म्हणजे तो ओरडला तेव्हा सही करून बसलेला होता. कोणावर ओरडला, ते आता कळलं. कळून राग कमी झालेला नाही. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? दोन दिवस बोललो नसतो. मग स्टेशनवर सोडायला गेलो असतो.

रविवारी प्रशांत अस्थी घेऊन येतो आहे. आपल्या शिवनाथ नदीतच सोडा, असं देविदास सांगून ठेवून गेला. मी म्हटलं, मी येणार नाही, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मारोती सायकल मारत आला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाल. शिव्या द्याच्या तं तिथंच दे. पण चाल."

जाणार आहे.

फोन उचलले नाहीत, ही माझी चूक. इथे सगळ्यांसमोर लिहितो. तू घर विकलंस, ते तुझं होतं. खोटा चार्ज दिलास, ते मी माफ करत नाही.

पण भांडायला समोर माणूस लागतो रे.

देविदास, मित्रा, श्रद्धांजली घे. आपलं भांडण राहिलं.