पोरीसमोर वाकलेला बाप

माझी नात मराठी बोलते ती मोडकीतोडकी, आणि वाचता तर तिला अजिबात येत नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो. तिला वाचता आलं असतं तर मी पेनाला हात लावला नसता.

मी नगर जिल्ह्यातला गवंडी. शाळा चौथीपर्यंत. भिंत ओळंब्यात नसली तर मालकाने बोलायच्या आत मीच पाडायचो. 'माझं चुकलं' असं कुणाला म्हणायची वेळ मी येऊ दिली नाही. बायको देवाघरी गेली तेव्हा मुलाने मला इकडे न्यूझीलंडला आणलं, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात. तो इथे शिकायला आला नि इथलाच झाला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. सून वृद्धाश्रमात कामाला होती, गोऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची आणि घरी येऊन मला दटावायची, "आण्णा, ते लोक तुमच्यापेक्षा शहाणे आहेत, गोळ्या वेळेवर घेतात." आणि एकुलती एक नात.

मग सुनेच्या पोटात गाठ निघाली. आमची मराठी ख्रिस्ती घरं इथे थोडीच, पण सगळ्यांनी साखळी प्रार्थना धरली. एका घराची संपली की दुसरं घर गुडघ्यावर. अशा वेळी आमच्यात 'ती जाणार' असं कुणी तोंडाबाहेर काढत नाही. काढलं म्हणजे विश्वास कमी पडला. डॉक्टरांनी आशा सोडली तरी आम्ही तो शब्द घरात आणला नाही.

नात तेव्हा शाळेत होती. शाळेचा कॅम्प निघाला, डोंगरात, फोन लागत नाही अशा जागी. मुलगा बायकोला म्हणाला, "हिला पाठवायला नको. सगळं सांगून टाकू." मी दाराशीच होतो. सून अंथरुणातून म्हणाली, "नाही सांगायचं. माझ्यापाशी रडत बसेल. हसत जाऊ दे तिला, मला ते बघायचंय. आणि देवाने मला उठवलंच तर?" मुलगा पुष्कळ बोलला. शेवटी तिने त्याचा हात धरून वचन घेतलं.

पोरगी पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि पिशवीत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, कोंबून हसत गेली. परत आली ती शिक्षिकेच्या गाडीतून. तोवर आई शवपेटीत होती.

"यू न्यू," ती बापाला म्हणाली. मला इंग्रजी येत नाही, पण तेवढं समजलं. तुला माहीत होतं.

मुलगा सगळ्यांदेखत तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. पाळकसाहेब होते, शेजारचे गोरे होते. म्हणाला, "माझं चुकलं, बेटा. मीच ठरवलं होतं. मला क्षमा कर." ती त्याला ओलांडून आईजवळ गेली. मला शरमेने कुठे बघू असं झालं. आमच्याकडे बाप पोरांपुढे असा बसत नाही. आणि ठरवलं कुणी होतं, ते मी या कानांनी ऐकलं होतं.

माती देऊन आल्यावर त्याला स्वयंपाकघरात गाठला. "खरं का नाही सांगितलंस? तू तर सांगू या म्हणत होतास."

तो भांडी घासत होता. "आण्णा, तिच्याकडे आता आठवणीतलीच आई उरलीये. तिच्यावर रागवायला लावू का पोरीला? माझ्यावर रागावू दे. मी समोर आहे, मी सोसेन."

"मग मी सांगतो."

"तुम्ही नाही सांगणार," तो म्हणाला. पोराचं ऐकायची मला सवय नाही. पण ते ऐकलं.

पुढे ती बापाशी कामापुरतं बोलायची, तेही इंग्रजीत. माझ्याशी मात्र मराठीत, कारण इलाज नव्हता. संध्याकाळच्या प्रार्थनेला यायची बंद झाली. मी म्हटलं, ओढून आण. माझ्या घरी प्रार्थनेला न येणाऱ्याला ताट नव्हतं. तो म्हणाला, "येशूने कुणाला ओढून आणलं, आण्णा?" तिचं ताट झाकून तिच्या खोलीच्या दाराबाहेर ठेवायचा, मग आम्ही दोघे बेसूर आवाजात गीत म्हणायचो. रोज सकाळी तिचा डबा भरायचा. ती तो ओट्यावर सोडून जायची आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, इथे त्याला डेअरी म्हणतात, खिमा भरलेला पाय नावाचा भाजका पदार्थ घ्यायची. दुसऱ्या दिवशी हा परत कणीक मळायला उभा.

"तू बाप आहेस का मोलकरीण?" एकदा मी विचारलं.

"दोन्ही," तो हसला. "पण सुट्टी कुठल्याच कामात नाही."

तिने न नेलेला डबा तो कामावर निघताना उभ्या उभ्या खायचा. मला बघवायचं नाही. मी अजूनही म्हणतो, बापाने इतकं वाकू नये. मला ते जमलं असतं का, हे मात्र विचारू नका.

यंदा जानेवारीत तिचं हॅमिल्टनला नर्सिंग शिकायला जायचं ठरलं. जायच्या आधी मी मागच्या अंगणात वाफ्याच्या विटा बसवत होतो आणि ती मला एकेक वीट देत होती. मुलगा पलीकडे दोरीवर तिचे कपडे वाळत घालत होता.

"आजोबा, तू खोटं बोलत नाही ना?"

"नाही."

"मग सांग. मम्मीला माहीत होता, ती मरणार?"

दोरीवरचा हात थांबला. मुलाने माझ्याकडे बघितलं. मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसतं बघितलं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एका वाक्यात माझा पोरगा सुटला असता.

"नव्हतं माहीत," मी म्हणालो.

"म्हणजे पप्पाने ठरवलं. एकट्याने."

"हो."

तिने मातीचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "थँक्स, आजोबा. ह्या घरात तू एकटाच खरं बोलतो."

ती आत गेली. मुलाने उरलेले कपडे वाळत घातले, मग येऊन माझ्याशेजारी बसला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला राग आला होता. त्याचा, पोरीचा, आणि देव क्षमा करो, सुनेचाही.

आता नात तिकडे हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात मैत्रिणींबरोबर राहते. रविवारी आम्ही चर्चहून आलो की तिचा व्हिडिओ कॉल येतो, मला. माझा हात कापतो, म्हणून फोन मुलगा धरतो, स्वतः दिसणार नाही असा मागे उभा राहून. ती मला जेवलास का विचारते, गुडघ्याचं विचारते. बापाचं नाव काढत नाही. तो तिचा आवाज ऐकत असतो.

मागच्या रविवारी त्याने नुसते ओठ हलवले, थंडी आहे का विचारा. मी विचारलं.

"हीप्स थंडी," ती म्हणाली, म्हणजे खूप. "माझा जॅकेट फाटला."

फोन बंद झाल्यावर तो गाडीची किल्ली शोधू लागला.

"माझ्या नावाने पाठवायचं का?" मी विचारलं.

"हो, आण्णा," तो म्हणाला. "तुमच्या नावाने गेलं तर घालेल ती."