शेजाऱ्याचं पाऊल

सकाळी चालताना पाचच मिनिटांत शेजारच्या जोशींची आणि माझी पावलं एका तालात पडू लागतात. माझी पत्नी गेल्यापासून ते न विचारताच सोबत येतात. मी मुद्दाम रेंगाळलो, की तेही रेंगाळतात.

आज म्हणाले, "बघा राव, जमलं की आपलं!"

मला संताप आला. तिची आखूड पावलं आणि माझ्या ढांगा जुळायला वर्षं लागली होती. एका भिंतीवरची लंबकाची दोन घड्याळं आपोआप एका लयीत येतात, हे वाचलं तेव्हा सुंदर वाटलं होतं. शेजारी कोण टांगलंय, हे ती बघत नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे," मी तुटकपणे म्हणालो.

ते वळणाआड गेले. मी तिच्या चालीने चालू पाहिलं. पाय जोशींच्याच चालीने पडत राहिले.